दोन पोढ्या, तीन होड्या

आमच्या जुन्नरच्या लेण्यांत एक एवढासा शिलालेख आहे. 'यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो.' म्हणजे गत लोकांपैकी इरिल नावाच्या यवनानं, पश्चिमेकडच्या परदेशी माणसानं, दोन पोढ्या दान दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. आणखी एका लेखात असाच एक 'गत' भेटतो, चिट नावाचा. त्यानं भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. इतिहासाचा मास्तर म्हणून दरवर्षी पोरांना घेऊन लेणी चढलो आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारलंच, "सर, गत म्हणजे कोण?" मी म्हणायचो, परदेशी व्यापारी असावेत. पोरं मान डोलवायची आणि डबे उघडायची.

स्टेन कोनाव या नॉर्वेजियन पंडितानं 1912 मध्ये एक लेख लिहून सांगितलं की हे गत म्हणजे गॉथ. तेच जर्मानिक टोळीतले, ज्यांनी पुढे 410 मध्ये रोम लुटलं. हे मत काही टिकलं नाही. मलाही पटलेलं नाही. पण खाज राहिली ती राहिलीच. इरिल टाकी खोदून घेत होता त्या सुमारास, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, खरे गॉथ होते कुठे? तर बाल्टिक समुद्राच्या काठी, विस्तुला नदीच्या मुखाशी, आजच्या पोलंडमध्ये. आणि माझा भाचा तिथल्याच ग्दान्स्कमध्ये नोकरीला.

"मामा, तुमचे गॉथ माझ्या खोलीच्या खालीच पुरलेले असतील. या तुम्ही," असं तो तीन वर्षं म्हणत होता. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष, जूनचा तिसरा आठवडा. इकडे पालख्या निघालेल्या, यंदा माझी वारी चुकली.

दिवस पहिला: ग्दान्स्क

सकाळी मारियात्स्का गल्लीत गेलो. अरुंद, दगडी फरसबंदीची गल्ली. प्रत्येक घरापुढे उंच ओटा आणि ओट्याखाली अंबराची दुकानं. अंबर म्हणजे झाडाचा डिंक, कोट्यवधी वर्षांत दगड झालेला. बाल्टिकचं अंबर रोमन बायकांच्या गळ्यात जायचं, आणि त्याच वाटेनं रोमन नाणी आणि काचेचे मणी इकडे यायचे. म्हणजे गॉथ रानटी वगैरे असतील, पण व्यापारी रस्त्यावर बसलेले रानटी होते.

गल्लीच्या टोकाला, नदीच्या बाजूला पुरातत्त्व संग्रहालय. बाहेर ओबडधोबड दगडी बाया उभ्या आहेत, त्या नंतरच्या प्रशियन लोकांच्या. वाटेतल्या शेंदूर नसलेल्या म्हसोबासारख्या दिसतात. आत आमच्या कामाचं होतं ते एकाच दालनात. इथल्या मातीत इसवी सनाच्या पहिल्या शतकात एक बदल दिसतो. त्याआधीच्या संस्कृतीला ओक्सिव्ये म्हणतात. तिच्यात पुरुषांच्या थडग्यांत तलवारी, भाले, ढाली ठेवायच्या, तलवार मुद्दाम वाकवून. मग अचानक शस्त्रं बंद. नुसती शस्त्रं नाहीत, लोखंडच जवळपास बंद. ना सुरी, ना विळा. आधी फक्त दहन होतं, आता दहन आणि दफन दोन्ही, एकाच स्मशानात शेजारी शेजारी. या दुसऱ्या संस्कृतीचं नाव व्येल्बार्क, आणि गॉथ शोधायचे ते हिच्यात.

मी सगळ्यात जास्त वेळ एका पेटीपुढे उभा होतो. त्यात चांदीची एक आकडी. इंग्रजी एस अक्षरासारखी दोन्ही टोकांना वळलेली, लांबी माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. मण्यांच्या माळेची दोन टोकं त्यात अडकवायची. दोन्ही वळणं आतल्या बाजूनं झिजून गुळगुळीत झालेली. म्हणजे ही पुरताना नवी घडवलेली नव्हती. कुणी बाई रोज सकाळी ही लावत होती आणि रात्री काढत होती. माझ्या आईच्या बोरमाळेचा फासा असाच झिजला होता.

"पण मामा, लोक बदलले की चाल बदलली?" भाच्यानं विचारलं.

प्रश्न नेमका तोच आहे. बऱ्याच ठिकाणी जुनं स्मशान खंड न पडता नव्या पद्धतीनं चालूच राहतं. बाहेरून फौज आली असती तर असं दिसलं नसतं. त्यामुळे पुष्कळ अभ्यासक म्हणतात की इथलेच लोक, रीत बदललेले.

संध्याकाळी नदीकाठी बसलो. समोरून पर्यटकांच्या होड्या जात होत्या, त्या मुहूर्तावर भाच्याला योर्दानेसची गोष्ट सांगितली. योर्दानेस हा सहाव्या शतकातला, 551 च्या आसपास कॉन्स्टँटिनोपलला लिहिणारा माणूस. तो सांगतो: गॉथ निघाले स्कांझा नावाच्या बेटावरून, म्हणजे आजच्या स्कँडिनेव्हियातून. राजाचं नाव बेरिग. होड्या तीनच. उतरले त्या किनाऱ्याला त्यांनी नाव दिलं गोथिस्कांझा. तिसरी होडी रेंगाळत मागून आली. तिच्यातले लोक ते गेपिड. गॉथांच्या भाषेत 'गेपांता' म्हणजे मंद, सुस्त. चेष्टेनं पडलेलं नाव टोळीला कायमचं चिकटलं.

"आणि ह्याला हे कळलं कसं?"

कळलं ते असं. रोमन मुत्सद्दी कॅसिओडोरस यानं इटलीच्या गॉथ राजासाठी गॉथांचा इतिहास बारा भागांत लिहिला होता. तो ग्रंथ आज हरवलाय. योर्दानेसला तो वाचायला मिळाला फक्त तीन दिवस, कॅसिओडोरसच्या कारभाऱ्याकडून. हे तो स्वतःच प्रस्तावनेत कबूल करतो. मग आठवेल तसं लिहून काढलं.

"म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी मित्राची वही आणल्यासारखं."

बरोबर. आणि मूळ वहीसुद्धा दरबारी. राजघराणं किती जुनं, सतरा पिढ्यांचं, हे दाखवायला लिहिलेली. आपल्याकडे भाट काय करायचे? घराणं गादीवर बसलं की मूळपुरुष उत्तरेकडून, चितोडहून आणायचा. पण म्हणून सगळं खोटं म्हणून फेकायचं नाही. भाटाच्या पोथीत गावांची नावं खरी निघतात.

दिवस दुसरा: वेंश्योरी आणि ऑद्री

भाड्याची गाडी घेऊन पश्चिमेला निघालो. हा काशुबी मुलूख. टेकड्या, तळी, राईची शेतं, रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत. जागोजागी रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या आज्या. इथली स्ट्रॉबेरी नावाजलेली आहे. आमच्या महाबळेश्वरपेक्षा आकारानं लहान, पण आतपर्यंत लाल आणि वासानं गाडी भरून टाकणारी.

वेंश्योरी हे तासाभराच्या वाटेवरचं गाव. गावाबाहेर तळ्याच्या वर पाइनचं रान, आणि रानात दगडांची वर्तुळं. तीन पूर्ण, एक मोडकं, सोबत वीसेक थडग्यांचे उंचवटे. आम्ही पोचलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. दगड गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे, एकमेकांपासून दोन-दोन पावलं. पाऊस नुकताच होऊन गेलेला, पाइनच्या सुया पायाखाली गादीसारख्या. मी वारकरी माणूस, रिंगण म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे अश्व धावतो. इथे रिंगण होतं, पण धावायला कुणी नव्हतं.

ऑद्री मोठं. वेंश्योरीपासून दक्षिणेला, व्दा नावाच्या नदीकाठच्या जंगलात. दहा पूर्ण वर्तुळं, सगळ्यात लहान पंधरा मीटर व्यासाचं, सगळ्यात मोठं तेहतीस. मी त्यातलं एक पावलांनी मोजलं. सत्तावीस पावलं आरपार. बऱ्याच वर्तुळांच्या मधोमध एखाददुसरा दगड उभा. आणि आजूबाजूला उंचवटे नि साधी थडगी.

मला सारखं आठवत होतं ते नागपूरजवळचं जुनापाणी. तिथेही शिळावर्तुळं आहेत, तीनशेच्या घरात, याहूनही जुनी. शाळेची सहल घेऊन एकदा गेलो होतो. पण तिथलं वर्तुळ म्हणजे थडग्याची कड. आत माणूस, त्याची लोखंडी हत्यारं, कधी घोड्याचे अलंकार. ऑद्रीचं तसं नाही. ही स्मशानाच्या कडेची सभेची जागा असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. दगडाच्या शेजारी बसायचं, तंटे सोडवायचे, मेलेले पूर्वज साक्षीला. स्वीडनमध्ये अशी वर्तुळं पुष्कळ आहेत, आणि तिथल्या लोकांनी त्यांना नावच 'न्यायाधीशांची कडी' असं ठेवलंय. आपल्याकडे गावकी पारावर बसायची, देवळासमोर. खोटं बोलणारा देवळासमोर जरा अडखळतो.

काल संग्रहालयात रीत बदलली एवढंच दिसत होतं, आज चित्र थोडं वेगळं झालं. विस्तुलेच्या मुखाशी जुने लोक होते आणि तेच बदलले असतील. पण या तळ्यांच्या मुलखात वर्तुळं उभी राहण्याआधी वस्ती फारशी नव्हतीच. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात वर्तुळं उभी राहतात, शे-सव्वाशे वर्षं वापरात असतात आणि तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला मुलूख पुन्हा ओस पडतो. रिकाम्या रानात कुणीतरी येतं, तिकडच्या पद्धतीचे दगड रोवतं आणि निघून जातं. तीन होड्या म्हणा, तीस म्हणा, समुद्रापलीकडून थोडे लोक आले असावेत असं मला इथे पहिल्यांदा वाटलं. सगळी टोळी नव्हे. थोडे लोक, एक नाव आणि एक राजघराणं. बाकीची टोळी इथल्याच लोकांतून जमत गेली.

दगडांवर लायकेनचे थर आहेत, राखाडी, पिवळसर, काही जागी शेवाळी हिरवे. दगडफूल म्हणून आपण मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतले. इथल्या दुर्मिळ जातींमुळे ही जागा निसर्गराखीव आहे, दगडांना हात लावू नका अशी पाटी आहे. आणि पाटीच्या शेजारीच एक मध्यमवयीन बाई दगडाला पाठ टेकून, डोळे मिटून बसलेली. शंभरेक वर्षांपूर्वी एका जर्मन मोजणीदारानं हे दगड सूर्याच्या अयनाशी जुळतात असं मांडलं, तेव्हापासून ही जागा शक्तिस्थान झाली. लोक ऊर्जा घ्यायला येतात. भाच्यानं मला न सांगता दोन मिनिटं हात लावून पाहिला.

"काय झालं?"

"गार आहे," म्हणाला.

रात्री जेवायला पिएरोगी मागवले. आपल्या करंजीसारखे, उकडलेले, आत बटाटा आणि ताजं चीज. मी माळकरी, म्हणून भाच्यानं दोनदा विचारून खात्री केली. आत मांस नव्हतंच. वरून तळलेल्या डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे भुरभुरलेले होते. वाढणाऱ्या पोरीला खरंच कळेना की तक्रार कशाची आहे, मांस तर आत घातलंच नव्हतं. शेवटी काकडीची कोशिंबीर आणि उरलेली स्ट्रॉबेरी.

दिवस तिसरा: माल्बोर्क, आणि व्येल्बार्क नावाचं काहीच नसणं

ज्या संस्कृतीवर एवढे ग्रंथ झाले ते व्येल्बार्क आज माल्बोर्क शहराचं एक उपनगर आहे. बैठी घरं, गॅरेज, कुंपणामागून भुंकणारं कुत्रं. 1873 मध्ये इथे तीन हजारांवर थडग्यांचं स्मशान सापडलं. त्या वेळी हा जर्मन मुलूख, गावाचं नाव विलेनबेर्ग. आज तिथे बघण्यासारखं काही नाही, आणि आम्हीही दहा मिनिटांत परत फिरलो.

माल्बोर्कचा किल्ला मात्र तासन्‌तास बघावा असा. लाल विटांचा, नदीवर पसरलेला, क्षेत्रफळानं जगातला सर्वांत मोठा म्हणतात. ट्युटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांनी, तेराव्या शतकात बांधायला घेतला. व्येल्बार्कच्या थडग्यांवरचे काही दगड या बांधकामात गेले असावेत असं मानतात. यात नवल कसलं? गढीच्या भिंतीत वीरगळ आणि देवळाच्या पायरीत शिलालेख आम्ही लहानपणापासून बघतोय.

किल्ल्याच्या कमानी टोकदार, म्हणजे गॉथिक. गॉथांचा या शैलीशी काडीचा संबंध नाही. सोळाव्या शतकातल्या इटालियनांना ती रानटी वाटली, आणि रानटी म्हणजे गॉथ, म्हणून शिवी म्हणून हे नाव ठेवलं. तीच शिवी पुढं मुंबईत येऊन बोरीबंदरच्या स्टेशनाचं कौतुक झाली. माझं म्हणणं एवढंच की या टोळीचं नाव टोळीपेक्षा जास्त फिरलं. जुन्नरपर्यंतही गेलं, कोनावच्या लेखातून का होईना.

नाव फिरण्याचा एक प्रकार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ग्दान्स्कशेजारचं ग्दिनिया बंदर जर्मनांनी 1939 मध्ये जिंकलं आणि त्याला नाव दिलं गोटेनहाफेन, गॉथांचं बंदर. हा मुलूख मुळात आमचा, दोन हजार वर्षांपूर्वी आमचे पूर्वज इथे होते, असा दावा. तिथल्या पोलिश कुटुंबांना घरं सोडायला लावली. पहिल्या दिवशी ज्या ओक्सिव्ये संस्कृतीच्या वाकवलेल्या तलवारी पाहिल्या, ते ओक्सिव्ये याच ग्दिनियाचा एक भाग. युद्धानंतर कितीतरी वर्षं पोलंडमध्ये 'गॉथ' हा शब्द उच्चारायलाही संशोधक बिचकायचे ते उगीच नाही. व्येल्बार्क असं गावाच्या पोलिश नावानं संस्कृतीला ओळखणं त्यामुळेही सोयीचं झालं असणार, असा माझा अंदाज.

दिवस चौथा: रस्ता

ग्दान्स्क ते लुब्लिन, पाचशे किलोमीटर. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना गहू आणि मोहरीची शेतं, वॉर्साच्या बाहेर वाहतुकीत अडकलो तो पाऊण तास. भाच्यानं ठेवलेली गाणी, मी ठेवलेला हरिपाठ, आळीपाळीनं.

मी वहीत हिशेब मांडला. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, पालखी अठरा-वीस दिवसांत पोचते, मुक्काम, रिंगण, कीर्तन सगळं धरून. या चालीनं गॉथ बाल्टिकपासून पोलंडच्या पूर्व सरहद्दीवरच्या बूग नदीपर्यंत दीड महिन्यात यायला हवेत. जमिनीतला पुरावा सांगतो की त्यांना दोन-तीन पिढ्या लागल्या. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात व्येल्बार्कची स्मशानं विस्तुलेच्या पूर्वेला, दक्षिणेला सरकत जातात, आणि 238 मध्ये पहिल्यांदा गॉथ काळ्या समुद्राकाठी रोमनांच्या दारात दिसतात. ही दिंडी नव्हेच. जमीन खंगली, माणसं वाढली, पोरगं दहा कोसांवर नवी पेर करायला गेलं, त्याचं पोरगं आणखी पुढे. योर्दानेस म्हणतो बेरिगनंतर पाचवा राजा फिलिमेर, त्यानं ठरवलं की माणसं फार झाली, बायकापोरांसह निघायचं. एका राजाच्या एका हुकमात बसवलेली ही कितीतरी शेतकऱ्यांची वाटचाल आहे, असं मला वाटतं.

भाचा म्हणाला, "मग खरे गॉथ म्हणजे गेलेले की राहिलेले?"

यावर एक छान भांडण झालंय. 1434 साली बाझल इथं ख्रिस्ती धर्मसभा भरली. स्वीडनचा बिशप उभा राहिला: आम्ही गॉथांचे वंशज, सबब आम्हाला मानाची जागा. स्पेनचे प्रतिनिधी उठले. त्यांच्याकडे गॉथांनी राज्य केलेलं. ते म्हणाले, पराक्रमी गॉथ घर सोडून जग जिंकायला बाहेर पडले, ते आमचे पूर्वज. तुमचे पूर्वज ते घरीच बसलेले. स्वीडनचे राजे तरी 1973 पर्यंत आपल्या बिरुदात गॉथांचा राजा असं लावत होते.

भाच्याच्या आईनं, म्हणजे आमच्या आक्कानं, रात्री फोनवर एकच विचारलं, "पोरगं जेवतंय ना नीट?" घरी बसलेल्यांची बाजू तिच्याइतकी कुणीच मांडत नाही.

दिवस पाचवा: मास्वोमेंच

लुब्लिनहून ह्रुब्येशूव सव्वाशे किलोमीटर आणि तिथून आठेक किलोमीटरवर मास्वोमेंच. माती बदलली होती. बाल्टिककडची वाळूसर फिकट माती संपली आणि इथे नांगरटीत ढेकळं काळी. भाच्याला गाडी थांबवायला लावली, उतरून एक ढेकूळ हातात घेऊन दाबलं. आमच्या नदीकाठच्या रानासारखं, बोटाला चिकटणारं. फिलिमेर का निघाला याचं एक उत्तर माझ्या हातात होतं. त्यांना जिथे पोचायचं होतं त्या देशाचं नाव योर्दानेस ओयुम असं देतो, सुपीक म्हणून त्याचं कौतुक करतो. त्याची वेस इथूनच सुरू होत असावी.

1977 पासून लुब्लिन विद्यापीठाचे आंद्झेय कोकोव्स्की इथे खोदत आले. पाचशेच्या आसपास थडगी निघाली, दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकापर्यंतची. पण थडगी विचित्र. पुष्कळ सांगाडे अपुरे. कुणाचं डोकं नाही, कुणाचे हात वेगळे ठेवलेले. पुरल्यावर काही काळानं थडगं पुन्हा उघडून हाडं हलवली होती, काही काढून नेली होती. चोरी म्हणावी तर दागिने तिथेच. मेलेल्याशी अजून काही देणंघेणं बाकी असल्यासारखं. आपण तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करतो, तिसऱ्या माणसाला ते विचित्रच वाटेल.

या सांगाड्यांच्या दातांतून आनुवंशिक द्रव्य काढून तपासलं गेलं. 2019 मध्ये आईकडून येणारा वारसा पाहिला, तो डेन्मार्ककडच्या जटलंडच्या जुन्या लोकांशी जवळचा निघाला. 2023 मध्ये त्याहून मोठा अभ्यास झाला, त्यात पोलंडमधल्या या काळच्या लोकांचा स्कँडिनेव्हियाशी संबंध आणखी स्पष्ट दिसला. म्हणजे तीन दिवसांची उसनी वही अगदीच खोटी नव्हती. ऑद्रीच्या रानात मी 'थोडे लोक' म्हणालो होतो. मास्वोमेंचचे दात म्हणतात, मास्तर, थोड्यापेक्षा जरा जास्त. ग्दान्स्कच्या दालनातला 'इथलेच लोक' हा निकालही त्यामुळे डळमळतो. कबूल करायला मला काही वाटत नाही. तीस वर्षं पोरांच्या वहीत लाल पेन चालवलं, आता आपल्या वहीत चालवायचं.

गावकऱ्यांनी मिळून गावात गॉथांची वस्ती उभारलीय. कुडाची, मातीनं लिंपलेली घरं, गवती छप्पर, मातीची भट्टी, उभा माग. गावातल्याच बायका लोकरी झगे घालून दाखवत होत्या. मागाला ताणे खाली ओढून धरायला मातीची भोकाची वजनं लावली होती. एका बाईनं माझ्या हातात वजन दिलं. त्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तिनं स्वतःच घडवून भाजलेलं. मी भिंतीकडे बोट करून खुणेनं विचारलं, शेण घालता का? तिला कळलं. ती खळखळून हसली, मान डोलावली आणि भाच्याला काहीतरी सांगितलं.

"ती म्हणते, शहरातले लोक हे कधीच विचारत नाहीत."

मग तिनं मला गवत, चिकणमाती आणि शेण यांचं प्रमाण ओंजळीनं दाखवलं. आमच्यापेक्षा गवत जास्त. थंडीसाठी असेल. अर्धा तास आम्ही भाषेशिवाय सारवणावर बोललो. पाच दिवसांत इतकं निवांत बोलणं दुसऱ्या कुणाशी झालं नाही.

दिवस सहावा: ग्रूदेक, बूगच्या काठी

ह्रुब्येशूवच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर ग्रूदेक. इथे हुच्वा नदी बूगला मिळते. वर गवतानं झाकलेले जुन्या गढीचे बुरूज, ते मध्ययुगातले. पण संगमाच्या जागेवर त्याच्या आधीही लोक राहत होते, मास्वोमेंचवाल्यांची थडगी इथेही निघाली. बूग म्हणजे सरहद्द. पलीकडे युक्रेन.

वाटेत सीमापोलिसांनी अडवलं. पासपोर्ट पाहिले, माझ्याकडे पाहिलं, कशासाठी आलात विचारलं. भाच्यानं सांगितलं, मामा निवृत्त शिक्षक आहेत, गॉथ बघायला आलेत. पोलिसानं पासपोर्ट परत देताना जराही हसू दाखवलं नाही. फोटो पाण्याच्या दिशेनं काढू नका म्हणाला.

फिलिमेर आणि पूल यांची गोष्ट याच बाजूची असेल का, हे कुणी सांगू शकत नाही. नदी कोणती ते योर्दानेस लिहीतच नाही. तो म्हणतो, ओयुमकडे जाताना सैन्य अर्धं पार झालं आणि पूल कोसळला. पलीकडचे पलीकडे, अलीकडचे अलीकडे. भोवती हलती दलदल आणि खोल पाणी, परत जोडणं अशक्य. आणि पुढे तो एक वाक्य लिहितो, त्यासाठी मी त्याची सगळी उसनवारी माफ करतो: आजही त्या बाजूनं जाणारे वाटसरू सांगतात की लांबून गुरांचं हंबरणं ऐकू येतं आणि माणसांच्या खुणा दिसतात. राजाची तलवार नाही, देवाची वाणी नाही. सुटून राहिलेली गुरं. हे वाक्य दरबारी भाटाचं नाही. हे कुठल्या तरी म्हातारीकडून आलंय.

पार झालेल्यांचं पुढे काय झालं ते पुस्तकांत आहे. 251 मध्ये त्यांनी रोमचा बादशहा डेशियस रणात मारला, 378 मध्ये अॅड्रियानोपलला दुसरा, व्हॅलेन्स. समोरच्या काठापासून शंभर किलोमीटरच्या आत कोवेल. तिथे 1858 मध्ये शेतात एक भाल्याचं पातं सापडलं, चांदीच्या नक्षीचं, त्यावर रून या जुन्या जर्मानिक लिपीत, उजवीकडून डावीकडे, 'तिलारीदस'. लक्ष्याकडे धावणारा, असा अर्थ लावतात. भाल्याचंच नाव. थडग्यात शस्त्र न ठेवणाऱ्या लोकांनी तिकडे जाऊन भाल्याला नाव ठेवलं. पातं दुसऱ्या महायुद्धात नाहीसं झालं ते आजतागायत.

इरिल मात्र यांच्यातला नव्हे, हे माझ्यापुरतं नक्की झालं. तो टाकी खोदत होता तेव्हा हे लोक अजून वाळूसर जमिनीतून काळ्या जमिनीकडे सरकत होते, काळा समुद्रही त्यांनी पाहिला नव्हता. पोरांना आता ठाम सांगता येईल, गत म्हणजे गॉथ नव्हेत. मग कोण, ते पोरांनीच शोधावं.

बुरुजावरून उतरलो. झाडांमधून पाणी दिसत होतं, तपकिरी, संथ, आमच्या कुकडीपेक्षा फार रुंद नाही. अलीकडे पांढरा-लाल खांब, पलीकडे निळा-पिवळा. गुरं नव्हती. कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, कुठल्या काठावर ते कळत नव्हतं. आक्काला फोन लावावा म्हणून मोबाइल काढला तर तो युक्रेनच्या टॉवरला जाऊन चिकटलेला, स्वागताचा निरोप पडद्यावर. भाच्याच्या मनगटावर साडेसहा झाले होते. माझ्या हातात साडेसात.